एश्बॉर्नच्या स्टेकहाउसमध्ये आपली माणसं : मेनू, भाषा आणि बिल



एश्बॉर्नमध्ये नोकरी करणाऱ्या आपल्या लोकांना वर्षातून एकदा-दोनदा तरी ऑफिसातून एक ई-मेल येतोच. "गुरुवारी संध्याकाळी सात वाजता सगळ्या टीमचं जेवण, स्टेकहाउसमध्ये. कोण कोण येणार ते कळवावे." उत्तर 'हो' असंच पाठवलं जातं, पण मग घरी विचार सुरू होतो. तिथे आपण खायचं काय? नुसतं सॅलड खाऊन बसलो तर बरं दिसेल का? आणि चुकून गाईचं मांस पोटात गेलं तर? ज्यांना स्टेक खायचाच आहे त्यांचे प्रश्न वेगळे : कुठला मागवायचा, किती भाजलेला मागवायचा, आणि तो रक्ताळलेला आला तर परत पाठवता येतो का?

भारतातून नव्याने आलेली मंडळी हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात आणि प्रत्येक जण स्वतः ठेच खाऊन शिकतो. म्हणून सगळी माहिती एकदाच नीट लिहून काढायचं ठरवलं. कुठल्याही हॉटेलची जाहिरात करायची नाही आणि कुणाला नावंही ठेवायची नाहीत, त्यामुळे इथे एकाही दुकानाची पाटी वाचायला मिळणार नाही. जी माहिती आहे ती जर्मनीतल्या कुठल्याही स्टेकहाउसला लागू पडेल.

एश्बॉर्नलाच हा प्रश्न इतका का येतो?

फ्रँकफुर्टला अगदी चिकटून असलेलं, माइन-टाउनुस जिल्ह्यातलं हे छोटं गाव. पण इथे राहणाऱ्यांपेक्षा रोज नोकरीला येणाऱ्यांची संख्या जास्त आहे. व्यवसाय कर फ्रँकफुर्टपेक्षा कमी, त्यामुळे मोठमोठ्या कंपन्यांनी इथे ऑफिसं थाटली. डॉइच बोर्झे, म्हणजे जर्मन शेअर बाजार चालवणारी कंपनी, २०१० मध्ये इथे आली. विकासकामांत मदत करणारी गीझ ही सरकारी संस्था इथली जुनी रहिवासी. बँका, सल्लागार कंपन्या, टेलिफोन कंपन्या आहेतच. एस-३ किंवा एस-४ ने सकाळी 'एश्बॉर्न झ्यूड' स्टेशनला उतरून पाहा, निम्मा डबा रिकामा होतो, आणि त्यात आपली माणसं भरपूर दिसतात.

जिथे ऑफिसं तिथे टीमची जेवणं, आणि जर्मनीत टीमच्या जेवणासाठी स्टेकहाउस ही सोयीची जागा समजली जाते. टेबलं मोठी, मेनू सगळ्यांच्या ओळखीचा, मुलांना फ्रेंच फ्राइज, बाकीच्यांना मांस. वीस जणांचं बुकिंग करणाऱ्या सेक्रेटरीच्या दृष्टीने प्रश्न मिटला. आपल्या दृष्टीने तो तिथून सुरू होतो.

थोडा इतिहास

जर्मनीत डुकराचं मांस जुनं, घराघरातलं. अमेरिकन आणि अर्जेंटिनाच्या धर्तीची स्टेकहाउसं मात्र त्या मानाने अलीकडची. हँबुर्गला ब्लॉक हाउसचं पहिलं दुकान १९६८ मध्ये उघडलं, बर्लिनला मारेडो १९७३ मध्ये. लाकडी बाकं, भिंतीवर गाईची शिंगं, मधोमध सॅलडचं काउंटर आणि आगीवर भाजलेलं दक्षिण अमेरिकेतलं मांस, हा सगळा थाट त्या काळातला.

नोव्हेंबर २००० मध्ये जर्मनीत जन्मलेल्या गाईत बीएसई, म्हणजे 'मॅड काऊ' हा रोग पहिल्यांदा सापडला आणि लोकांनी बीफ खाणं एकदम कमी केलं. जानेवारी २००१ मध्ये आरोग्यमंत्री आणि कृषिमंत्री या दोघांनाही राजीनामा द्यावा लागला. त्यानंतर युरोपभर दुकानातल्या बीफच्या पाकिटावर जनावर कुठे जन्मलं, कुठे वाढलं, कुठे कापलं गेलं हे लिहिणं सक्तीचं झालं. आज स्टेकहाउसच्या मेनूवर 'अर्जेंटिना', 'उरुग्वे' किंवा 'आयर्लंड' असं ठळक छापलेलं दिसतं. त्यात मांस चांगल्या ठिकाणचं आहे ही फुशारकी आहे, आणि काळजी करू नका हा दिलासाही आहे.

पुढे करोनाच्या काळात हॉटेलं बंद पडली तेव्हा मोठ्या साखळ्यांनाही फटका बसला. मारेडोने २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. म्हणून कुणी जुन्या आठवणीवरून "तिथे जा, छान आहे" म्हणालं, तर आधी ते हॉटेल चालू आहे ना याची खात्री करून घ्यावी.

खाणाऱ्यांसाठी : मेनू कसा वाचायचा

आपल्यातले पुष्कळ जण बीफ खातात. वसईच्या, गोव्याच्या ख्रिस्ती घरांत, मुस्लिम घरांत, आणि दलित समाजात तर ते पिढ्यान् पिढ्या खाल्लं गेलेलं आहे. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे २०१५ चं पुस्तक मराठवाड्यातल्या त्या स्वयंपाकाबद्दल मोकळेपणाने बोलतं. काही जण इथे आल्यावर खायला लागले. ज्याचं ताट त्याच्यापाशी. त्यामुळे आधी खाणाऱ्यांची माहिती.

'रुम्पस्टेक' म्हणजे पाठीच्या मागच्या भागाचा तुकडा, कडेला चरबीची पट्टी असलेला. नाव इंग्रजी 'रम्प'सारखं असलं तरी तुकडा तो नव्हे. इंग्रजीतल्या रम्पला इथे 'हुफ्टस्टेक' म्हणतात. त्यात चरबी कमी, किंमतही कमी. 'फिले' सगळ्यात मऊ आणि सगळ्यात महाग. 'आन्त्रकोत' किंवा 'रिब-आय' हा बरगड्यांजवळचा भाग. मध्ये चरबी असते, म्हणून चव जास्त. पहिल्यांदा खाणाऱ्याने २०० ग्रॅमच्या आसपासचा तुकडा मागवावा. मेनूवर लिहिलेलं वजन कच्च्या मांसाचं असतं, भाजल्यावर ते कमी होतं. "अडीचशे ग्रॅम लिहिलंय आणि ताटात तेवढं नाही" अशी तक्रार बऱ्याच जणांकडून ऐकू येते. त्यात फसवणूक नसते, मोजायची पद्धतच तशी आहे.

मग वेटर विचारतो, किती भाजू? 'ब्लुटिश' किंवा 'रेअर' म्हणजे आतून लाल आणि कोमट, साधारण ५० अंशांपर्यंत तापलेलं. 'मेडियम' म्हणजे आतून गुलाबी, साधारण ५५ ते ५८ अंश. 'डुर्श' म्हणजे आतपर्यंत शिजलेलं, ६५ अंशांच्या वर. 'इंग्लिश' हा शब्दही कानावर पडेल, त्याचा अर्थ कमी भाजलेलं. आपल्याला मांस पूर्ण शिजवून खायची सवय, म्हणून बहुतेक जण 'डुर्श' सांगतात. मग स्टेक कोरडा आणि चिवट लागतो, आणि दोष हॉटेलला दिला जातो. पूर्ण शिजलेलंच हवं असेल तर चरबी असलेला तुकडा घ्यावा, तो त्या मानाने कोरडा पडत नाही. फिलेचे पैसे मोजून तो 'डुर्श' करून घेणं म्हणजे हापूसचा साखरेत मोरंबा करण्यासारखं आहे. करता येतो, पण वाईट वाटतं.

ताटात जो लाल रस येतो त्याला घाबरू नका. ते रक्त नसतं. रक्त जनावर कापतानाच निघून गेलेलं असतं. तो रंग स्नायूंमधल्या मायोग्लोबिन या प्रथिनाचा असतो आणि रस म्हणजे बव्हंशी पाणी.

'बायलागे' हा शब्द लक्षात ठेवा. म्हणजे जोडीचे पदार्थ. काही ठिकाणी स्टेकच्या किमतीत बटाटा आणि सॅलड धरलेलं असतं, काही ठिकाणी प्रत्येकाचे वेगळे पैसे पडतात. "स्टेक तर स्वस्त दिसला होता, बिल एवढं कसं?" या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं.

बीफ न खाणाऱ्यांसाठी : कुठे सांभाळायचं

महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गोहत्या बंद झाली आणि मार्च २०१५ पासून बैल आणि वळू यांनाही तो कायदा लागू झाला. त्यामुळे पुण्या-नाशिकहून थेट इथे आलेल्या विशी-पंचविशीतल्या मुलामुलींनी बीफचा मेनू हातात धरलेलाच नसतो. कुठल्या शब्दाला थांबायचं हे त्यांना माहीत नसतं. म्हणून आधी शब्द :

'रिंट' म्हणजे गाय-बैल. 'काल्ब' म्हणजे वासरू. 'श्वाइन' म्हणजे डुक्कर. 'लाम' म्हणजे कोकरू. 'हॅन्शेन' म्हणजे कोंबडी आणि 'पूटे' म्हणजे टर्की. 'लाख्स' आणि 'त्सांडर' हे मासे. 'हाकफ्लाइश' म्हणजे खिमा, आणि तो इथे बहुतेकदा गाय आणि डुक्कर मिळून केलेला असतो. 'वीनर श्नित्सेल' असं नुसतं लिहिलेलं असेल तर ते वासराचं मांस असतं. 'श्नित्सेल वीनर आर्ट' लिहिलेलं असेल तर सहसा डुकराचं. दोन्हींत 'रिंट' हा शब्द कुठेच नाही, म्हणून बरेच जण फसतात.

समोर दिसणारं मांस टाळणं सोपं. न दिसणारं कठीण. त्याच्या जागा या :

सूप. कांद्याचं, टोमॅटोचं, भाज्यांचं सूपही बऱ्याचदा 'रिंडरब्र्यूए', म्हणजे मांसाच्या पाण्यात केलेलं असतं.

सॉस. मिरीचा आणि मशरूमचा घट्ट सॉस दिसायला निरुपद्रवी, पण त्याचा पाया पुष्कळदा हाडांच्या अर्काचा असतो. त्याऐवजी 'क्रॉयटरबुटर', म्हणजे कोथिंबिरीच्या भावंडांचं लोणी, किंवा 'झाउअरराम', म्हणजे आंबट साय मागावी.

'ब्राटकार्टोफेल्न'. परतलेल्या बटाट्यात 'श्पेक', म्हणजे डुकराच्या चरबीचे तुकडे टाकायची पद्धत आहे. सॅलडवरही ते येतात.

पार्मेझान चीज. ते घट्ट करायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. काटेकोर शाकाहारी माणसाने ते टाळावं.

जिलेटिन. जेवणानंतरच्या काही गोड पदार्थांत ते असतं.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. मेनूवर पदार्थाच्या नावापुढे बारीक अक्षरं किंवा आकडे छापलेले असतात. डिसेंबर २०१४ पासून युरोपात हॉटेलांनाही ॲलर्जीच्या १४ घटकांची माहिती द्यावी लागते. आपले लोक ती अक्षरं पाहून निश्चिंत होतात. पण त्या १४ मध्ये दूध, अंडी, शेंगदाणे, मोहरी, सेलरी, मासे वगैरे आहेत, गाईचं किंवा डुकराचं मांस नाही. मांसाच्या पाण्यात केलेल्या सूपापुढे सेलरीचं अक्षर असेल, मांसाचं नसेल. म्हणजे ही अक्षरं शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या आईला फार उपयोगी आहेत, बीफ टाळणाऱ्याला नाहीत. त्याला तोंडाने विचारावंच लागतं.

काय विचारायचं?

जर्मन मोडकंतोडकं असलं तरी चालतं, पण वाक्य स्पष्ट हवं. "इश एस्से काइन रिंटफ्लाइश" म्हणजे मी गाईचं मांस खात नाही. "इश एस्से काइन फ्लाइश उंट काइनेन फिश" म्हणजे मी मांस खात नाही आणि मासेही नाही. यातला माशाचा भाग गाळू नका, कारण इथे पुष्कळांच्या लेखी शाकाहारी माणूस मासे खातोच. "इस्ट दा फ्लाइशब्र्यूए द्रिन?" म्हणजे यात मांसाचं पाणी आहे का? आणि "ओने श्पेक, बिट्टे" म्हणजे श्पेक न घालता द्या.

भाज्या किंवा पनीरसारखं चीज त्याच जाळीवर भाजलं जातं का, हा प्रश्न काहींना महत्त्वाचा वाटतो. उत्तर बहुतेक ठिकाणी 'हो' असंच येतं, कारण जाळी एकच असते. चालणार नसेल तर "इन डेर फान्ने, बिट्टे", म्हणजे तव्यावर करून द्या, असं सांगावं. गर्दीच्या वेळी नकार मिळू शकतो. तेव्हा फॉइलमध्ये भाजलेला बटाटा, सॅलड आणि ब्रेड हा भरवशाचा बेत. इकडच्या भागात 'ग्र्युने झोसे' मिळाली तर सोडू नका. सात हिरव्या पाल्यांची ही फ्रँकफुर्टची थंड चटणी उकडलेल्या बटाट्यांबरोबर आणि अंड्यांबरोबर देतात. अंडं चालत असेल तर पोटभर जेवण होतं. हलाल हवं असणाऱ्यांनी मात्र मेनूवर तसं लिहिलेलं नसेल तर नाही असंच समजावं.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे आदल्या दिवशी फोन करणं, किंवा जो टेबल बुक करतो आहे त्याला सांगणं. दुपारी शांत वेळी स्वयंपाकघराला कळलं तर ते बहुतेकदा काहीतरी वेगळं करून देतात. रात्री आठ वाजता, वीस माणसांच्या ऑर्डरमध्ये, तेच स्वयंपाकघर वैतागतं. वेटर उर्मट वागला अशा ज्या कहाण्या आपण एकमेकांना सांगतो, त्यातल्या काही खऱ्या असतील, पण पुष्कळ या घाईतून जन्मलेल्या असतात.

सहकाऱ्यांना काय सांगायचं?

हा प्रश्न मेनूपेक्षा अवघड आहे. "तू बीफ का खात नाहीस?" असं कुणी विचारलं की आपली माणसं एक तर गाय किती पवित्र यावर व्याख्यान देतात, नाहीतर ओशाळून "डॉक्टरांनी मना केलंय" असं खोटं सांगतात. दोन्हींची गरज नाही. "आमच्या घरी खात नाहीत, मला सवय नाही" एवढं पुरतं. जर्मनीत शाकाहारी लोक पुष्कळ आहेत आणि ताटातल्या गोष्टीबद्दल खोदून विचारणं इथेही सभ्यपणाचं मानत नाहीत. उलट, समोरचा स्टेक खात असताना आपण तोंड वाकडं करू नये, आणि आपल्यातलाच कुणी मराठी सहकारी खात असेल तर त्याच्या आई-वडिलांपर्यंत ती बातमी पोचवू नये. हा सल्ला गमतीचा वाटेल, पण अशा चहाडीमुळे मैत्री तुटलेली आपण पाहतो.

मुलांचा प्रश्न याच्या पुढचा. इथे जन्मलेली मुलं किंडरगार्टनमध्ये आणि शाळेच्या कँटीनमध्ये जेवतात, मित्रांच्या वाढदिवसाला जातात. तिथे काय चालेल आणि काय नाही हे घरात आधी ठरवून मुलांना आणि शिक्षकांना साध्या शब्दांत सांगून ठेवावं. हॉटेलात सगळ्यांसमोर मुलाच्या ताटातून घास काढून घ्यायची वेळ येऊ देऊ नये. लहान मुलांसाठी 'किंडरटेलर' असतो, आणि काही ठिकाणी 'रॉयबरटेलर', म्हणजे दरोडेखोराचं ताट मिळतं. ते रिकामंच येतं. मुलाने आईबाबांच्या ताटातून लुटायचं! आपल्या मुलांना हा प्रकार फार आवडतो, आणि कुठलं ताट लुटू द्यायचं हे आपल्या हातात राहतं.

चुकीचं आलं तर

मेडियम सांगितलं आणि कोरडं ठाक आलं, किंवा सॅलडवर सांगूनही श्पेक आला, तर लगेच सांगायचं. एक-दोन घास खाल्ल्यावर सांगितलेलं चालतं, अर्धं ताट संपवून तक्रार केली तर कुणी ऐकत नाही. इथल्या नियमांप्रमाणे हॉटेलला चूक सुधारायची संधी आधी द्यावी लागते. कमी भाजलेला स्टेक परत जाळीवर जातो, जास्त भाजलेला असेल तर नवा यायला हवा. ते जमलं नाही तर बिल कमी करण्याबद्दल बोलता येतं. आवाज चढवायची गरज नसते. आपण मात्र तिथे हसून "आलेस गूट" म्हणतो आणि घरी येऊन इंटरनेटवर एकच तारा देतो. त्याचा उपयोग ना आपल्याला, ना हॉटेलला. वेटर जेवताना "श्मेक्ट्स?" असं विचारतो ती निव्वळ औपचारिकता नसते, सांगायची वेळ तीच असते.

वेळ, पाणी आणि बिल

जर्मनीत बरीच हॉटेलं दुपारच्या आणि संध्याकाळच्या जेवणांमध्ये बंद असतात, आठवड्यातून एक दिवस 'रूएटाग', म्हणजे सुट्टी असते, आणि रात्री स्वयंपाकघर दुकानाच्या आधी बंद होतं. साडेनऊला सहकुटुंब पोचायचा आपला शिरस्ता इथे उपाशी ठेवतो. एश्बॉर्नला दुपारी बारा ते एक ऑफिसवाल्यांची झुंबड असते, पण 'मिटाग्सटिश' हे दुपारचं ताट रात्रीपेक्षा बरंच स्वस्त पडतं.

पाणी फुकट नसतं. नुसतं 'वासर' म्हटलं तर बहुधा गॅसचं येतं. साधं हवं तर 'श्टिलेस वासर' सांगावं.

बिलाच्या वेळी वेटर विचारतो, "त्सुझामेन ओडर गेट्रेंट?" एकत्र की वेगवेगळं? टीमच्या जेवणाला साहेबांनी बोलावलं म्हणजे पैसे साहेबच देणार असं नसतं. "इश लाडे ओइश आइन" असं कुणी म्हणालं तरच ते आमंत्रण. नाहीतर आपलं आपण द्यायचं. खिशात थोडी रोख असू द्यावी, कार्ड घेत नाहीत अशी ठिकाणं अजून आहेत. टीप साधारण पाच ते दहा टक्के. ती टेबलावर ठेवून निघून जायची पद्धत नाही. बिल ४६ युरो झालं तर पैसे देतानाच "फ्युन्फ्त्सिश, बिट्टे" म्हणायचं, म्हणजे पन्नास घ्या.

बिलावर कराचे दोन दर दिसतील. करोनाच्या काळात, जुलै २०२० पासून, हॉटेलातल्या जेवणावरचा कर कमी केला होता, १ जानेवारी २०२४ ला तो परत १९ टक्के झाला आणि १ जानेवारी २०२६ पासून पुन्हा ७ टक्के. पेयांवर मात्र १९ टक्केच. मेनूवरच्या किमतीत हा कर धरलेलाच असतो, वर काही द्यावं लागत नाही.

तर मंडळी, पुढचा ई-मेल आला की बिनधास्त 'हो' कळवा. स्टेक खाणाऱ्याने आपल्या पसंतीचा तुकडा मागवावा, न खाणाऱ्याने सूपाची चौकशी करून बटाटा मागवावा. वरची चार जर्मन वाक्यं तेवढी कागदावर लिहून पाकिटात ठेवा, आणि नव्याने आलेल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला त्याची एक प्रत द्या.

गूटेन आपेटीट!